सुनंदाचा पैरा

सुनंदा, आधी नीट बस आणि मधे बोलू नकोस. परवा जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय माझ्या पोटात अन्न ठरायचं नाही. घरात ज्याला त्याला सांगून झालं. शेजारच्या काकूंना दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा मला जिन्यात बघून त्यांनी दार लावून घेतलं. पण जिला सांगायचं ती तू, आणि तुला जाऊन दोन महिने होत आले. मी तरी काय करू? कागद घेतला आणि बसले.

तू गेलीस तीही तुझ्याच पद्धतीनं. मृगाच्या तोंडावर, बस्तीत, तुमच्या जैन मंदिरात, दर्शन घेऊन आलीस, चपला काढता काढता खाली बसलीस आणि उठलीच नाहीस. ना कुणाला बोलावलंस, ना कुणाला त्रास दिलास. शोकसभेत एका गृहस्थांनी तुला 'मितभाषी' म्हटलं. मी रडता रडता हसले, लोकांनी वळून बघितलं. त्या गृहस्थांना एकदा तुझ्या स्कूटीवर मागे बसवून मलकापूरपर्यंत न्यायला हवं होतं. वारा तोंडात भरला तरी तुझं बोलणं थांबत नसे, आणि निम्मं तर बाजूनं जाणाऱ्या ट्रकवाल्यांना उद्देशून असे.

आपले रविवार आठवतात गं. शाहूपुरीत तुमचं दुकान बंद, भाऊजी पेपर उघडून बसलेले, आणि तू सकाळी सातला माझ्या दारात हॉर्न वाजवत उभी. "मास्तरीनबाई, चला! दिस वर आला!" कुठं जायचं ते ठरलेलं नसायचं. रस्ता पश्चिमेकडं वळला की झालं. दशम्यांचा डबा तुझ्याकडं, दुर्बीण माझ्याकडं. टपरीवर भजी घेताना तू दरवेळी त्या माणसाची उलटतपासणी करायचीस, "कांदा न्हाय न्हवं? बटाटा न्हाय न्हवं?" एकदा एक जण वैतागून म्हणाला, "मावशी, मग नुसतं पीठ तळून दिऊ का?" आणि तू म्हणालीस, "द्या की." त्यानं दिलं आणि आपण ते खाल्लं. इतकं बेचव काही मी आयुष्यात खाल्लं नाही आणि इतकी कधी हसलेही नाही.

आणि हो, वाघबीळच्या उतारावर तारेवर बसलेला तो पिवळा पक्षी हळद्याच होता. तू सुगरणीचा नर म्हणालीस. मी आजही हळद्याच म्हणते. तू नाहीस म्हणून मी माघार घेईन असं समजू नकोस.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्याच भांडणाबद्दल. ते कुठून सुरू झालं ते मला पहिल्यापासून सांगू दे.

चार वर्षांपूर्वीचा जुलै. आपण आंबा घाटाच्या रस्त्याला धनेश बघायला निघालेलो आणि मलकापूर ओलांडल्यावर एका वाडीपाशी तुझ्या स्कूटीचं मागचं चाक बसलं. खाली खाचरात सात-आठ बायका भाताची लागण करत होत्या. त्यातली एक कंबर सरळ करून ओरडली, "काय झालं वो पावणं? कुठनं आलाय?" ती शेवंता. तिनं नवऱ्याला हाक मारली. त्यानं चाक खोललं, मोटारसायकलवर टाकलं आणि पंक्चर काढायला मलकापूरला गेलासुद्धा. आपलं नाव तरी विचारावं! शेवंतानं तेवढं विचारलं, "कशाला आलासा हिकडं?" मी म्हटलं, पक्षी बघायला. ती बाकीच्यांकडं वळली. "ह्या पक्षी बगाय आल्यात गं! बाई, ह्यो बगळा. बगून झाला? मग या खाली, एक हात कमी हाय."

ती चेष्टा करत होती, पण तुला ती चेष्टा वाटलीच नाही. तू पदर खोचलास, चपला बांधावर ठेवल्यास आणि माझ्या "अगं, अगं" कडं न बघता पोटरीभर चिखलात उतरलीस. तू शिरोळकडच्या काळ्या रानातली, उसातली पोर. भात कधी लावलंयस? शेवंतानं हातात तरव्याची पेंडी दिली, म्हणजे कोवळ्या रोपांची जुडी, आणि तू ती लावत सुटलीस. फूट-फूट अंतर सोडून! वीतभर खोल दाबून! शेवंता मागं वळून बघते तर तुझी ओळ म्हणजे टकलावरचे केस. "अवो बाई, मधी काय म्हस बसवायची हाय व्हय?" तू तोऱ्यात म्हणालीस, "आमच्यात उसाला आसंच सोडत्यात." "मग ऊस लावायचा हुता की घरी!" आख्खं खाचर हसलं. तुझी ओळ उपटून पुन्हा लावावी लागली, आणि ती तूच लावलीस.

मी तासभर बांधावर छत्री धरून उभी राहिले. मग एक बाई म्हणाली, "ह्या मुकादम दिसत्यात." तेव्हा मीही उतरले. वारणानगरच्या कॉलनीत वाढलेली मी, वडील कारखान्यात, आमच्याकडं शेती म्हणजे गॅलरीतली तुळस. चिखल बोटांच्या फटींतून वर आला तेव्हा मी किंचाळले, आणि मग मला तो सोडवेना. दुपारी चाक आलं. आपण संध्याकाळपर्यंत हललो नाही. धनेश राहिलाच.

निघताना शेवंतानं पिशवीत तांदूळ आणले. तू हात मागं घेतलास. "मजुरी नगं. पैरा धरा."

पैरा म्हणजे काय ते मला तुझ्याकडून तिथंच कळलं. आज तू माझ्या रानात राबायचं, उद्या मी तुझ्या रानात, पैसा मधे येत नाही. मजुरी घेतली की मजूर होतो, पैरा धरला की भावकीत बसतो. शेवंतानं तांदूळ खाली ठेवले. "पैरा धरतो की. पर फेडायचा कुठं? रान कुठं हाय तुमचं?" तू स्कूटीला किक मारत म्हणालीस, "सांगतो की कवातरी."

मग दर जुलैला आपण गेलो. दुसऱ्या वर्षी शेवंताला कळलं की तू दिवस मावळल्यावर जेवत नाहीस, कांदा-लसूण खात नाहीस. तिनं तुझ्यासाठी वेगळं पातेलं ठेवलं आणि त्या पातेल्यात चुकून कांद्याचा चमचा गेला म्हणून जावेला असं झापलं की ती बिचारी दिवसभर गप्प होती. ऊन कलायला लागलं की आख्खी लागण थांबायची. "सुनंदाबाईला वाढा आदी, सूर्य हाय तवर." आठ बायकांनी काम सोडून एका बाईसाठी चूल पेटवायची! माझ्या नात्यातल्या लग्नांत मला इतकं कुणी जपलेलं नाही. तू मात्र सहज भाकरी मोडायचीस, जणू तिथलीच.

आणि मी काय केलं? गेल्या जुलैत माझ्या भाच्यानं आपला चिखलातला फोटो बघितला आणि म्हणाला, "आत्या, हे रिसॉर्टचं पॅकेज आहे का गं? कितीला पडतं?" मला ते झोंबलं. त्याला उत्तर देता आलं नाही, ते मी तुझ्यावर काढलं. बांबवड्याला चहा पिताना म्हणाले, "सुनंदा, हा पैरा खोटा आहे. आपण हौशी पाहुण्या. त्या आपल्याला सांभाळून घेतात आणि आपण त्याला मोठं नाव देतो. पैरा फेडून घ्यायला रान लागतं. तुझं रान कुठाय?"

मला माहीत होतं गं. हेच तर लागतं मला. दोन वर्षांपूर्वी अशाच एका टपरीवर तू सांगितलेलंस, की वडील गेल्यावर तू हक्कसोडपत्रावर सही करून दिलीस, सगळं रान तुझ्या भावाच्या, अण्णाच्या, नावावर झालं. "समद्याच भैनी करत्यात," म्हणालीस. मी विचारलं, वाईट वाटलं का? तू म्हणालीस, "भजी खा, गार हुतील." तुझ्या वीस वर्षांच्या बडबडीत त्या विषयावर फक्त तेवढं. आणि नेमकं तेच मी तोंडावर विचारलं. तुझं रान कुठाय.

बांबवड्यापासून शाहूपुरीपर्यंत तू बोलली नाहीस. तू! ट्रकवालेही चुकल्यासारखे वाटले असतील. माझ्या दारात सोडताना म्हणालीस, "सावकाश चढा, जिना वला हाय." बस. पुढच्या रविवारी पुन्हा हॉर्न वाजवलास, पुन्हा दशम्या, पुन्हा सगळं. पण तो विषय तू काढला नाहीस आणि मी तर नाहीच नाही. 'चुकले' हा शब्द मी वर्गात पोरांकडून हजारदा म्हणवून घेतला असेल. तुझ्यापुढं तो म्हणायला मला अकरा महिने मिळाले होते.

आता पुढचं ऐक, हे तुला माहीत नाही.

यंदा जुलैच्या पहिल्या आठवड्यात शेवंताचा फोन आला. "मास्तरीनबाई, तरवा तयार हाय. कवा येताय दोगी?" फोनवर सांगवेना. येते म्हटलं. एसटीनं गेले, एकटी. फाट्यावर उतरून चालत खाचरापाशी पोचले तर सगळ्या माझ्या मागं बघायला लागल्या. "आनि सुनंदाबाई? मागनं येत्यात व्हय?"

मी सांगितलं. शेवंता होती तिथंच बांधावर बसली. दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात, डोळे पुसता येईनात, दंडानंच पुसायला लागली.  मग ती उठली. "चला. तरवा वाळतोय." आणि लागण सुरू. मला इतका राग आला! अगं, माणूस गेलं आणि ह्यांना तरव्याची पडलीय? पण हातात पेंडी घेतली आणि ओळीत शिरले तेव्हा कळलं की ओळीत शिरलेल्या माणसाला रडायला कुणाची परवानगी लागत नाही. मी दुपारपर्यंत रडले आणि माझी ओळ सरळ आली.

जेवताना शेवंता एकदम म्हणाली, "चार सालं आली ती. तिचं आमच्याकडं हाय. मेल्या मानसाचा पैरा ठिवून न्हाय घ्यायचा. रान कुठं हाय तिचं?"

पुन्हा तोच प्रश्न.  मी म्हटलं, तिचं रान नाही गं. माहेरी होतं, तिनं हिस्सा सोडलाय.

"हिस्सा सोडला म्हंजे म्हायेर सोडलं व्हय?" शेवंता म्हणाली. "लावा फोन भावाला."

सुनंदा, मी तुझ्या अण्णाला फोन लावला. तुझ्या मातीला तो सगळ्यांत जास्त रडला होता. पण जमिनीचा विषय म्हणजे... मी आपलं जमेल तसं सांगितलं. शाहूवाडीकडच्या बायका आहेत, सुनंदाच्या पैऱ्याला तुमच्या रानात एक दिवस राबायचं म्हणतात. पलीकडून आधी वहिनींचा आवाज. "कोन बायका? कशाला? कागद-बिगद हाय का काय?" मग अण्णा.  "सांगतो," म्हणाला आणि फोन ठेवला. मला वाटलं, संपलं. मी उगाच तुझ्या माहेरच्या दाराला धक्का दिला. आठ दिवस मी फोनकडं बघत होते. नवव्या दिवशी त्याचा फोन आला. एवढंच म्हणाला, "उसातलं तन काढायचंय, भांगलण हाय. या म्हनावं."

परवा सकाळी वडापची जीप कोल्हापुरात आली तेव्हा तू असायला हवी होतीस! आठ बायका, आठ खुरपी, भाकऱ्यांची गाठोडी आणि पुढच्या सीटवर शेवंता, जणू वरातीला निघालीय. त्यातल्या पाच जणी कोल्हापूरच्या पूर्वेला कधी गेल्याच नव्हत्या. हातकणंगल्याच्या पुढं रान सपाट होत गेलं आणि जीपमध्ये कल्ला. "डोंगुरच न्हाय की गं कुठं! मानूस हरवंल हितं!" "आनि माती बग, काळी कुळकुळीत!" "पानी कुठनं वाहतं मग?" ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "मावशी, खाली बसा, पडशीला." एकीनं नजर पोचेल तिथवरचा ऊस बघून विचारलं, एवढं सगळं कोण कापतं? मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. आपण त्यांच्या डोंगरात दुर्बीण घेऊन असंच तर बघत हिंडायचो. त्यांना किती हसू येत असेल ते मला परवा समजलं.

वहिनी दारात उभ्या होत्या. चहा दिला, पण नजर खुरप्यांवर. रस्त्याकडेचा तुकडा दाखवला आणि बायका कामाला लागल्या. तुला खोटं वाटेल, पण तासाभरात त्यांनी पलीकडचा बांध गाठला. वहिनी दोनदा येऊन बघून गेल्या. दुसऱ्यांदा आल्या त्या ताकाची कळशी घेऊन.

दहाच्या सुमाराला अण्णा आला. पांढरी टोपी, हात मागं बांधलेले.  मग खिशात हात घालून म्हणाला, "बायांनो, लांबनं आलासा. मजुरीचं सांगा, काय द्याची पद्धत हाय तुमच्यात."

शेवंता उठली. पदराला हात पुसले. "मजुरी कशाची, अण्णा? तुमच्या भैनीचा पैरा हाय."

"तिचा पैरा हितं कसा?"

"तेच तर इचारायला आलोय. आमी चार सालं इचारलं, बाई, रान कुठं हाय तुमचं. सांगतो म्हनली, सांगितलं न्हाय. आता तुमी सांगा. आमी भांगलतोय ह्यात तिचं कुटलं?"

सुनंदा, मला वाटलं आता हा माणूस भडकतो. बाकीच्या सात जणी खुरपी तशीच धरून बसल्या. वहिनी ताकाचा तांब्या हातात घेऊन उभ्या. अण्णानं टोपी काढली, पुन्हा घातली. तो आमच्याकडं बघत नव्हता, रानाकडं बघत होता.

"त्या हिरीपास्नं त्या लिंबापातुर," तो म्हणाला. मग बोटानं दाखवत पुन्हा म्हणाला. "हिरीपास्नं लिंबापातुर. आप्पांनी, आमच्या वडलांनी, तिच्या नावानं धरल्यालं. मी सही घेतली."

"व्हय की," शेवंता म्हणाली. "मग आमी तिकडं जातो. ह्यातलं ऱ्हायल्यालं तुमचं तुमी बघा."

आणि आठही जणी उठल्या! अर्धी ओळ सोडून, खुरपी उचलून, विहिरीकडं चालायला लागल्या! मी वहिनींकडं बघितलं. त्या जागच्या हलल्या नाहीत. मग त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि अण्णाला म्हणाल्या, "आवो, बगत काय हुबा ऱ्हायलासा? खुरपं आना की घरातनं दोन." अण्णा गेला आणि तीन घेऊन आला. तिसरं त्यानं माझ्या हातात दिलं.

तर असं आम्ही अकरा जण दुपारपर्यंत तुझ्या रानात बसून होतो. अण्णा माझ्या शेजारच्या ओळीत. मधेच म्हणाला, "ती लहान असताना ह्याच हिरीवर बसून बोलत ऱ्हायची. पान्याशी." मी म्हटलं, मला ठाऊक आहे, पुढं ट्रकवाल्यांशी बोलायची. तो हसला आणि मग तोंड फिरवून बराच वेळ भांगलत राहिला. कागदाचं तो काय करेल, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. निघताना शेवंतानं मात्र त्याला सोडलं नाही. "फुडल्या सालच्या लागनीला तुमी यायचं, अण्णा. आज आमी आठजनी आलो, जास्तच झालंय. आता फिरती बारी तुमची." तो येतो म्हणाला. वहिनी म्हणाल्या, "मी बी."

परतीच्या वाटेवर सगळ्या जणी झोपल्या आणि मी एकटी जागी होते. बांबवड्यापासून शाहूपुरीपर्यंत तू माझ्यापुढं बसून काय विचार करत गेली असशील, ते मी शिरोळपासून कोल्हापूरपर्यंत करून बघितलं. तू एका शब्दानं मला उत्तर देऊ शकली असतीस. विहिरीपासून लिंबापर्यंत, म्हणाली असतीस तर मी गप्प झाले असते. पण म्हणाली नाहीस. भावाचं नाव त्यात आलं असतं म्हणून.

सुनंदा, मी चुकले. तुझं रान आहे. मी बघून आले, हातांनी भांगलून आले, नखांत अजून माती आहे. चांगली ओल आहे त्याला. आणि खरं सांगू का, तण लई माजलं होतं बाई.